मुरुमच्या आभाळात किती पाणी आहे?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोचली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होतं. 'जलदूत' म्हणून ती देशभर गाजली. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवात, तेव्हा काही वेगळी परिस्थिती नव्हती. टँकर, अधिग्रहित विहिरी, घागरींच्या रांगा.

आता थोडं गणित. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. म्हणजे पन्नास हेक्टरांवर नुसता एक मिलिमीटर शिंतोडा आला, ज्यानं धूळसुद्धा नीट बसत नाही, तरी ती अख्खी गाडी भरते. आणि त्या एप्रिलमध्ये आभाळ काही रिकामं नव्हतं. उन्हाळ्याच्या रखरखीत हवेतही जमिनीपासून वरच्या टोकापर्यंतचं सगळं बाष्प पिळून खाली आणलं, तर पंधरा-वीस मिलिमीटर पाण्याचा थर सहज साचेल. पावसाळ्यात तोच थर पन्नास मिलिमीटरच्याही वर जातो. एका चौरस किलोमीटरवर पन्नास मिलिमीटर म्हणजे पाच कोटी लिटर, जलदूतच्या त्या पहिल्या खेपेसारख्या शंभर खेपा.

याच धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातल्या मुरुमच्या शिवारात ऑगस्टात पावसाचा खंड पडतो, सोयाबीन दुपारी माना टाकतं, उडीद-मूग फुलोऱ्यात अडकून राहतात, तेव्हा डोक्यावर हा एवढा साठा असतो. साठा म्हणणंही चूकच, कारण तो थांबलेला नसतो. पश्चिमेचा वारा त्याला अखंड पुढे ढकलत असतो. आत्ता मुरुमवर असलेलं बाष्प संध्याकाळपर्यंत कर्नाटकात, तेलंगणात पोचलेलं असतं आणि त्याच्या जागी नवं आलेलं असतं. वर एक नदी वाहतेय, आणि ती दिसत नाही.

न दिसणारं पाणी मोजायचं कसं, हा प्रश्न ज्या उपग्रहासाठी मध्यवर्ती होता त्याचं नाव मेघा-ट्रॉपिक्स. नावाचा पहिला अर्धा भाग भारताचा, दुसरा फ्रान्सचा. 'इस्रो' आणि फ्रान्सची अवकाशसंस्था 'क्नेस' यांनी मिळून तो बांधला आणि १२ ऑक्टोबर २०११ रोजी पीएसएलव्ही-सी१८ यानानं श्रीहरिकोटाहून तो सोडला. वजन सुमारे एक हजार किलो, उंची ८६७ किलोमीटर. इथपर्यंत कुठल्याही उपग्रहासारखंच. वेगळी होती ती त्याची वाट.

हवामानाचे बहुतेक उपग्रह दोनच प्रकारे फिरतात. इन्सॅट मालिकेतले उपग्रह विषुववृत्तावर छत्तीस हजार किलोमीटरवर एका जागी टांगल्यासारखे राहतात. त्यांना सतत दिसतं, पण फार लांबून. दुसरे ध्रुवांवरून जातात. ते जवळून पाहतात, पण एका गावावर दिवसातून दोनदाच येतात आणि तेही रोज ठरलेल्या वेळी. मेघा-ट्रॉपिक्सनं ध्रुवांचा नादच सोडला. त्याची कक्षा विषुववृत्ताशी फक्त २० अंशांचा कोन करत होती. उत्तरेला २० अंशांपर्यंत चढायचं, वळायचं, दक्षिणेला २० अंशांपर्यंत उतरायचं, पुन्हा वळायचं. एक फेरी सुमारे १०२ मिनिटांची. युरोप नाही, रशिया नाही, अमेरिकेचा बराचसा भाग नाही. पृथ्वीचा नुसता मधला पट्टा. उष्ण प्रदेशाला एवढं लाडावून ठेवणारा उपग्रह विरळाच.

मुरुम साधारण पावणेअठरा अंश उत्तरेला आहे, म्हणजे उपग्रहाच्या वळणाच्या अगदी अलीकडे. वळणाजवळ त्याची वाट जवळजवळ आडवी, पूर्वेकडे जाणारी होते, त्यामुळे या अक्षांशांवर तो रेंगाळतो. त्यात त्याच्या बाष्पमापकाची नजर सतराशे किलोमीटर रुंद पट्टा झाडून जायची. परिणाम असा, की या पट्ट्यातली गावं त्याला दिवसातून तीन ते सहा वेळा दिसायची. मुंबई-दिल्लीची प्रयोगशाळा ज्याच्या नशिबी नाही अशा उमरगा तालुक्याच्या कोपऱ्यावर अवकाशातली सर्वांत चौकस बाष्पनजर पुन्हापुन्हा फिरत होती, आणि खाली कुणाला त्याची खबरही नव्हती.

या पट्ट्याच्या दक्षिण टोकाला काय आहे? मॉरिशस. तेही जवळजवळ नेमकं २० अंश दक्षिणेवर. तिथं शतकाहून जास्त काळ मराठी घरं नांदताहेत हा योगायोग बाजूला ठेवू. आपल्याला काम आहे ते तिथल्या वाऱ्याशी. मॉरिशस, रियुनियन आणि रॉड्रिग्ज या मास्करीन बेटांचं नाव घेतलेला हवेच्या जास्त दाबाचा प्रदेश त्यांच्या दक्षिण-पूर्वेला असतो. तिथून निघणारे वारे समुद्रावरचं पाणी उचलत विषुववृत्त ओलांडतात, केनिया-सोमालियाच्या किनाऱ्याला घासून वळतात आणि दीड-एक किलोमीटर उंचीवरचा जोरदार झोत बनून अरबी समुद्र कापत कोकणावर धडकतात. हा नैर्ऋत्य मोसमी वारा. त्याच्या वाटेचा बहुतांश भाग, मास्करीन बेटांपासून मुरुमपर्यंत, त्या एकाच उपग्रहाच्या पट्ट्यात बसत होता. बाष्पाचा रेणू हवेत सरासरी नऊ-दहा दिवस राहतो. ही एवढी वाट तेवढ्यात संपते, पण मधल्या मधे कितीदा पाणी गळतं आणि कितीदा नवं भरलं जातं, याचा हिशेब लावणं हीच तर खरी गोष्ट.

सह्याद्रीवर हे बाष्प किती सांडतं ते सगळ्यांना माहीत आहे. महाबळेश्वर जवळपास मुरुमच्याच अक्षांशावर आहे, पश्चिमेला तीनशे किलोमीटरवर. तिथं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मुरुमकडे सात-आठशे. आपण शाळेत शिकलो की डोंगर पाणी काढून घेतो आणि पलीकडे कोरडं उरतं. अर्धंच खरं आहे हे. डोंगराचा वाटा वजा करूनही वर पन्नास मिलिमीटरचा थर उरतो, हे आपण वर पाहिलंच. कमी असतं ते पाणी नव्हे, ते वर उचलणारं बळ. डोंगर उतरताना हवा दाबली जाते, तापते, आणि तापलेल्या हवेत बाष्प निवांत मुरून राहतं. त्याला पुन्हा उंच चढवायला बंगालच्या उपसागरातून आलेला एखादा कमी दाबाचा पट्टा लागतो, किंवा सप्टेंबरातली तापलेली दुपार.

आता मोजणी. उपग्रहावर 'सफीर' नावाचं एक उपकरण होतं. ते आभाळावर काही टाकत नव्हतं, रडारसारखी लहर सोडून परतीची वाट पाहत नव्हतं. ते नुसतं घेत होतं. पाण्याचा प्रत्येक रेणू, वाफेच्या रूपातला, आपल्या उष्णतेपायी सतत क्षीण सूक्ष्मलहरी सोडत असतो, आणि १८३.३१ गिगाहर्ट्झ या वारंवारतेवर त्याची ही सवय फार तीव्र आहे. रात्र असो, दिवस असो, पातळ ढग असोत, मुरुमवरचं बाष्प या एका ठरलेल्या सुरावर मंद चमकत असतं. आपले डोळे त्या सुरासाठी घडलेले नाहीत, एवढंच.

पण नुसतं 'बाष्प आहे' एवढं कळून भागत नाही. कुठल्या उंचीवर किती, हे हवं. त्यासाठीची युक्ती मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत देखणी वाटते. १८३.३१ च्या नेमक्या मध्यावर वाफ इतकी अपारदर्शक असते, की खालची चमक वरची वाफच गिळून टाकते; उपग्रहापर्यंत पोचते ती फक्त दहा-बारा किलोमीटरवरच्या विरळ वाफेची. मध्यापासून थोडं सरकलं की वाफ थोडी पारदर्शक होते आणि नजर जरा खाली उतरते. आणखी सरकलं, आणखी खाली. सफीरला असे सहा झरोके होते, मध्यापासून ०.२ गिगाहर्ट्झवरचा पहिला आणि ११ गिगाहर्ट्झवरचा शेवटचा. एकाच क्षणी, एकाच जागेवर, सहा उंचीच्या थरांची आर्द्रता. ना फुगा सोडला, ना विमान पाठवलं.

यात एक गंमत आहे, जी पहिल्यांदा कळते तेव्हा उलटी वाटते. वरचा थर कोरडा असेल तर उपग्रहाला आभाळ अधिक गरम दिसतं. कारण वरचा पडदा विरळ झाला, की नजर खालच्या, उबदार थरापर्यंत पोचते. ओलं आभाळ थंड दिसतं, कोरडं गरम. दुष्काळाची चाहूल अशी तापमानाच्या वेषात येते.

आणि कोरडा थर ही काही पुस्तकी गोष्ट नाही. २००९ चा मोसमी पाऊस देशभर फसला. त्यावर हवामानशास्त्रज्ञ टी. एन. कृष्णमूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर दाखवलं, की पावसाच्या लांब खंडांच्या काळात अरबस्तानच्या वाळवंटावरची कोरडी हवा काही किलोमीटर उंचीवरून मध्य भारतावर घुसत होती. खाली ओल होती. पण वर चढू पाहणाऱ्या ढगाच्या कडेनं ही कोरडी हवा आत शिरते, थेंब वाफ होऊन जातात, आणि ढग वाढायच्या आतच खचतो. शेतकरी म्हणतो, आभाळ येतं आन् विरून जातं. विरतं ते खरंच, आणि ते विरवणारा थर कुठल्या उंचीवर आहे, कुठून आला आहे, हे सहा झरोक्यांतून दिसू शकतं. पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक आहे की गाढव, यावर गावात ज्या गांभीर्यानं चर्चा होते त्याच गांभीर्यानं मी या कोरड्या थराची चर्चा व्हावी म्हणेन. थराचं वाहन निदान मोजता येतं.

खरं तर या मोहिमेचा नायक सफीर नव्हताच. पाऊस मोजायचं मुख्य काम 'मद्रास' नावाच्या उपकरणाकडे होतं. त्याला फिरवणारी यंत्रणा २०१३ च्या सुरुवातीला बिघडली आणि दीड वर्षाच्या आतच ते उपकरण गेलं. मोहीम बुडाली असं तेव्हा अनेकांना वाटलं असणार. पण दुय्यम समजलेलं सफीर चालतच राहिलं, आणि त्यानंच नाव राखलं.

पाऊस वरून पाहणं हे बाष्प पाहण्यापेक्षा कठीण का, हे समजून घेण्यासारखं आहे. समुद्र सूक्ष्मलहरींत थंड दिसतो, त्यामुळे त्यावरचा पाऊस उठून दिसतो. जमीन स्वतःच ऊबदार चमकते. मुरुमच्या काळ्या रानावर पडणारा पाऊस त्या चमकेत हरवून जातो. मग जमिनीवर उपग्रह थेंब शोधत नाही, बर्फ शोधतो. उंच ढगाच्या माथ्यावर, आठ-दहा-पंधरा किलोमीटरवर, बर्फाचे कण आणि गारा असतात. हे कण खालून येणारी चमक इकडेतिकडे उधळून लावतात, आणि उपग्रहाला तिथं एक थंडगार डाग दिसतो. डाग जितका थंड, बर्फ तितका जास्त, आणि त्यावरून खाली पाऊस किती असेल याचा अंदाज. सप्टेंबरातल्या दुपारी गावागावांवर घोंगावणारा, विजांसह कोसळणारा मराठवाड्याचा ढग असा असतो: माथा बर्फाचा, पाय पाण्याचे. तो उपग्रहाला नीट सापडतो. सह्याद्रीचा पाऊस मात्र बुटक्या ढगांतून, बर्फाची गरज न लागता, दिवसदिवस झडीसारखा पडतो, आणि उपग्रह तो कमी मोजतात. साडेपाच हजार मिलिमीटरवाल्या महाबळेश्वरात चकणारी नजर सातशेच्या मुरुममध्ये बरी चालते. वर्षानुवर्षं सगळं पहिल्यांदा घाटाला मिळत आलं, निदान यात तरी आपला नंबर लागला.

सोलापूर इथून जवळच. पर्जन्यछायेतले ढग आतून कसे असतात हे पाहायला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापुरातून विमानं उडवली, ढगांत शिरून थेंब आणि धुलिकण मोजले, काही ढगांवर बीजारोपण केलं आणि काही मुद्दाम तसेच सोडले, म्हणजे तुलना होईल. शंभर चौरस किलोमीटरच्या टापूत पावसात अठरा टक्क्यांच्या आसपास वाढ दिसली, असं त्यांनी पुढे जाहीर केलं. चांगलीच आहे ही वाढ, पण असलेल्या ढगावरची. ढग येणार की नाही, हे तो कोरडा थर ठरवतो.

आता या पाण्याची दुसरी बाजू, आणि माझ्या मते हीच मोठी. माठातलं पाणी गार होतं, कारण माठाच्या अंगावरून उडून जाणारं पाणी उष्णता घेऊन जातं. ती उष्णता नाहीशी होत नाही. वाफेच्या पोटात दडून बसते, आणि वाफेचं पुन्हा पाणी होतं तिथं, म्हणजे वर ढगात, बाहेर पडते. किती? एका किलो पाण्यामागे सुमारे पंचवीस लाख ज्यूल. एका हेक्टरावर दहा मिलिमीटर, म्हणजे एक बरी सर झाली, तर तेवढं पाणी बनताना ढगात सुटलेली उष्णता जवळपास सत्तर हजार युनिट विजेएवढी असते. महिन्याला दोनशे युनिट जाळणाऱ्या घराला ती एकोणतीस वर्षं पुरेल. एका हेक्टरामागे. एका सरीमागे.

जगात पडणाऱ्या पावसापैकी सुमारे दोन तृतीयांश उष्ण कटिबंधात पडतो. त्यातून सुटणाऱ्या याच उष्णतेवर पृथ्वीचे वारे फिरतात. इथली जादा ऊब ते दोन्ही ध्रुवांकडे वाहून नेतात. म्हणून उष्ण कटिबंधातलं पाणी मोजणं म्हणजे हवामानाचं इंजिन उघडून पाहणं. मेघा-ट्रॉपिक्सवर 'स्कॅरॅब' नावाचं तिसरं उपकरण होतं, ते याच हिशेबाचं: सूर्याचा किती प्रकाश परत फेकला गेला आणि पृथ्वीनं किती उष्णता अवकाशात सोडली. उन्हाळ्यातल्या निरभ्र दुपारी तापलेलं दख्खन दर चौरस मीटरमागे तीनशे वॅटच्या आसपास उष्णता वर सोडतं. त्याच जागेवर सप्टेंबरात उंच ढग उभा राहिला, की बाहेर पडणारा आकडा दीडशेच्याही खाली येतो. ढगाचा माथाच गारठलेला असतो. एक ढग, आणि जमिनीचा अवकाशाशी चाललेला व्यवहार निम्म्यावर.

तापमान एका अंशानं वाढलं की हवा सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. पाऊस त्या मापात वाढत नाही, तो वेगळ्या पद्धतीनं पडायला लागतो: खंड लांबतात, सरी जड होतात. त्यात जमिनीचाही हात आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात भिजलेली माती आणि डवरलेली पिकं पाणी परत आभाळात सोडतात, आणि त्यातलं काही पुन्हा पाऊस म्हणून पडतं. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं, की गंगेच्या खोऱ्यात ऑगस्ट-सप्टेंबरात हा वाटा मोठा असतो.

वेळेचा मुद्दा राहिलाच. ध्रुवांवरून जाणारा उपग्रह रोज, समजा, दुपारी दीडला आणि रात्री दीडला येणार. आमच्याकडचा वळीव चार-साडेचारला अंधारून येतो आणि सातपर्यंत मोकळा होतो. असा पाऊस त्या उपग्रहाच्या दोन फेऱ्यांच्या मधे निसटतो. वर्षानुवर्षं निसटू शकतो. मेघा-ट्रॉपिक्सची वेळ मात्र रोज थोडी सरकायची आणि सुमारे ५१ दिवसांत घड्याळाचे सगळे तास फिरून व्हायचे. त्यामुळे उष्ण प्रदेशात ढग दिवसाच्या कुठल्या प्रहरी जन्मतात, कधी भरात येतात, कधी मोडतात, हे त्याला कळत होतं. सफीरची मोजमापं युरोपातल्या आणि भारतातल्या हवामान अंदाजाच्या संगणकी प्रतिमानांत थेट घातली जाऊ लागली. जपान-अमेरिकेच्या पुढाकारानं २०१४ मध्ये सुरू झालेल्या जागतिक पर्जन्यमापन मोहिमेतही त्यांचा वापर झाला.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सफीरचा एक ठिपका म्हणजे, अगदी सरळ खाली पाहतानासुद्धा, दहा किलोमीटरचं वर्तुळ. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात, आणि नुकसानीचे पंचनामे त्या आकड्यावर हलतात. तो आकडा मंडळाच्या पर्जन्यमापकाचा असतो. बांधाच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे कोरडं, हे प्रत्येक शेतकऱ्यानं पाहिलंय. मंडळाचा मापक एका बिंदूचं सांगतो, उपग्रह दहा किलोमीटरांची सरासरी सांगतो, आणि पाऊस या दोघांच्या मधल्या मापानं पडतो. उपग्रहाच्या आकड्यावरून एखाद्याचं पीक बुडालं की नाही हे ठरवणं अन्यायाचं होईल. एकाच मापकावरून ठरवणंही फार वेगळं नाही.

तीन वर्षांसाठी पाठवलेला मेघा-ट्रॉपिक्स २०२१ पर्यंत कामाची माहिती देत राहिला. त्यानंतर त्याला वरच सोडलं असतं तर तो शंभर वर्षांहून जास्त काळ कचरा म्हणून फिरत राहिला असता. टाकीत सुमारे सव्वाशे किलो इंधन शिल्लक होतं. तेच वापरून इस्रोनं ऑगस्ट २०२२ पासून त्याची कक्षा टप्प्याटप्प्यानं खाली आणली आणि ७ मार्च २०२३ रोजी, दोन शेवटचे धक्के देऊन, निर्जन प्रशांत महासागरावर त्याला वातावरणात उतरवलं. अशा उतरणीसाठी तो मुळात बांधलेलाच नव्हता.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत अमेरिकेच्या 'नासा'नं न्यूझीलंडहून चार चिमुकले उपग्रह सोडले, पाच-पाच किलोंचे. त्यांचीही वाट ध्रुव टाळणारी, त्यांचाही डोळा १८३ गिगाहर्ट्झच्या आसपासचा. हजार किलोंच्या एका उपग्रहाऐवजी हलक्या उपग्रहांची टोळी, म्हणजे एकच वादळ तासाभरानं पुन्हा पाहता येईल. आणि ३० जुलै २०२५ रोजी इस्रो-नासाचा 'निसार' श्रीहरिकोटाहून गेला. तो आभाळाकडे लक्ष देत नाही. बारा मीटरच्या तबकडीतून रडारच्या लहरी सोडून तो जमीन न्याहाळतो, दर बारा दिवसांनी तीच जागा पुन्हा, ढगांच्या आरपार. आणि परतलेल्या लहरीवरून मातीत ओल किती आहे ते काढता येतं. मुरुमच्या शिवारात पेरणीआधी मूठभर माती दाबून वाफसा आला का ते पाहतात. निसारच्या ओलीच्या नकाशाची शहानिशा करायलाही कुणाला तरी रानात जाऊन तीच माती हातात घ्यावी लागते.